ऑनलाइन पदवी समान, मग शुल्कसवलत असमान का?

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीचे आणि पदवीचे निकाल लागले की ऑनलाइन पदवीच्या जाहिरातींचा हंगाम सुरू होतो. वृत्तपत्रांची पाने, मोबाइलचे पडदे आणि आपल्या सोलापुरात सात रस्ता, आसरा चौक, जुळे सोलापूर अशा वर्दळीच्या ठिकाणचे फलक, सगळीकडे ‘यूजीसी मान्यताप्राप्त’, ‘घरबसल्या एमबीए’ आणि ‘सुलभ हप्ते’ ही त्रिसूत्री झळकू लागते. शहरातील एका महाविद्यालयाच्या कार्यालयात पात्रता आणि शिष्यवृत्ती ही दोन टेबले मी सेवाकाळात सांभाळली असल्याने निवृत्तीनंतरही ओळखीपाळखीतील मुलेमुली कागदपत्रांची पिशवी घेऊन माझ्याकडे येतात, आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘ही डिग्री चालते का?’ या प्रश्नाचे उत्तर आता नियमानेच दिलेले आहे. मला आपल्या वाचकांचे आणि शासनाचे लक्ष वेधायचे आहे ते त्याच्या पुढच्या प्रश्नाकडे. ऑनलाइन पदवी जर नियमित पदवीच्या बरोबरीची असेल, तर ती घेणाऱ्या गरीब विद्यार्थ्याला शुल्काची सवलत बरोबरीने का मिळत नाही?

आधी मान्यतेविषयी, कारण तेथे गैरसमज फार आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) मुक्त व दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रमांसाठीची सध्याची नियमावली सप्टेंबर २०२० मध्ये लागू केली. तिच्यातील बाविसाव्या विनियमानुसार मान्यताप्राप्त विद्यापीठाने या पद्धतीने दिलेली पदवी व पदव्युत्तर पदवी ही नियमित पद्धतीने मिळणाऱ्या त्याच पदवीशी समकक्ष धरली जाते, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगाने वेगळी सूचना काढून हे पुन्हा एकदा स्पष्ट केले. याचा अर्थ विद्यापीठांना मोकळे रान दिले आहे असा नाही. ऑनलाइन पदवी सुरू करू इच्छिणाऱ्या विद्यापीठाला उच्च शिक्षणसंस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’चे किमान ३.०१ गुणांकन तरी असावे लागते किंवा एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीच्या विद्यापीठ गटात लागोपाठच्या तीनपैकी दोन क्रमवाऱ्यांत पहिल्या शंभरांत नाव तरी असावे लागते. अभियांत्रिकी, वैद्यक, औषधनिर्माण, परिचर्या, वास्तुकला, विधी या शाखांना ही पद्धत मुळातच वर्ज्य आहे. शिक्षणक्षेत्रातील तंत्रकंपन्यांच्या (एडटेक) मदतीने चालवल्या जाणाऱ्या ऑनलाइन पीएच.डी.ला मान्यता नाही, असा इशारा आयोगाने आणि अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२२ मध्ये एकत्रितपणे दिलेला आहे. एवढ्या चाळण्यांतून आलेल्या पदवीकडे संशयाने पाहण्याचे खरे तर कारण उरत नाही.

तरीही ते पाहिले जाते, आणि त्याला हातभार नियमावलीनेच लावला आहे. गुणपत्रिकेच्या व पदवी प्रमाणपत्राच्या मागील बाजूस शिक्षणाची पद्धत, प्रवेशाची व अभ्यासक्रम पूर्ण केल्याची तारीख आणि परीक्षा केंद्राचा पत्ता छापणे तिने बंधनकारक केले आहे. माहिती म्हणून ते योग्यच आहे. परंतु पात्रतेच्या टेबलावर बसलेल्या कोणालाही ठाऊक असते की कागद उलटून पाहिला जातो तो बहुधा हरकत शोधण्यासाठीच. येथे लिपिकाचीही बाजू सांगितली पाहिजे. त्याला विद्यार्थ्याशी वैर नसते. उद्या लेखापरीक्षणात आक्षेप निघाला तर तो आपल्या अंगावर येऊ नये, एवढीच त्याची काळजी असते, आणि म्हणून तो नियमात नसलेला समकक्षतेचा एखादा जादा दाखला मागून मोकळा होतो. ही भीती अगदीच निराधार म्हणता येत नाही. अभिमत विद्यापीठांनी परवानगीवाचून दूरस्थ पद्धतीने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये जो निर्णय दिला, त्यात नोकरीला लागून कित्येक वर्षे झालेल्या अभियंत्यांच्या पदव्या अडचणीत आल्या होत्या. असे एक प्रकरण घडले की पुढची दहा वर्षे प्रत्येक टेबलावर त्याचे पडसाद उमटत राहतात. मात्र यावर उपाय अवघड नाही. कोणत्या विद्यापीठाला कोणत्या वर्षासाठी कोणत्या ऑनलाइन अभ्यासक्रमाची मान्यता आहे, ही यादी आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर असते. ती पाहून निर्णय घ्यावा व दुसरा कागद मागू नये, असे एका पानाचे परिपत्रक विद्यापीठाने सर्व संलग्न महाविद्यालयांना धाडले तरी निम्म्या खेपा वाचतील.

जाता जाता आणखी एक गोष्ट. मार्च २०२० नंतर नियमित महाविद्यालयांतील मुलेही महिनोन्‌महिने मोबाइलवरच शिकली आणि त्यांनी परीक्षाही घरूनच दिल्या. त्या मुलांना ‘कोरोना बॅच’ म्हणून थोडे हिणवले गेले खरे, पण त्यांची पदवी नियमितच राहिली आणि त्यांची शिष्यवृत्तीही शिकवणी ऑनलाइन झाली म्हणून रद्द झाली नाही. शिकण्याची पद्धत हाच जर निकष असता, तर तेव्हाही तो लावावा लागला असता.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याच्या राज्य शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळावर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे, आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या विद्यार्थ्यांना तिचा मोठा आधार आहे. परंतु योजनेच्या अटींत दूरस्थ, आभासी आणि अंशकालीन पद्धतीने शिकणारे अर्जदार वगळलेले आहेत. २०२४-२५ पासून राज्य शासनाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ केले. या निर्णयाचे मी मनापासून स्वागत केले होते, आजही करतो. मात्र ही माफी केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या मुलींसाठी आहे; ऑनलाइन पदवीचा प्रवेश त्या प्रक्रियेतून होत नाही, त्यामुळे तेथील मुलगी आपोआपच बाहेर राहते.

याचा परिणाम कसा होतो तो मी जवळून पाहिला आहे. विडी घरकुल भागातील एक मुलगी बी.कॉम. झाल्यावर गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात हिशेबाचे काम पाहू लागली. आई विड्या वळते, आणि घर मुख्यतः या मुलीच्या पगारावर चालते. तिच्याच गल्लीतील, तिच्याच प्रवर्गातील आणि साधारण तेवढ्याच उत्पन्नाच्या घरातील दुसरी मुलगी नियमित एमबीएला गेली. तिचे शिक्षण शुल्क शासनाने भरले. नोकरी सोडणे शक्य नसल्याने पहिलीने ऑनलाइन एमबीए निवडले आणि त्यासाठी लाखाच्या वर रक्कम स्वतःच्या पगारातून भरली. महाडीबीटीवर तिने अर्ज भरायला घेतला तेव्हा अभ्यासक्रमाच्या यादीत तिच्या विद्यापीठाचे नावच येईना. आधार, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन क्रिमिलेअर, सगळे तयार होते, पण पान पुढे सरकत नव्हते. दोघींच्या पदव्या आयोगाच्या लेखी समान आहेत. ज्या मुलीला कमावल्यावाचून गत्यंतर नाही, तिलाच पूर्ण किंमत मोजावी लागावी, हे मला कोणत्याही तर्काने पटवून घेता आलेले नाही.

शासनाच्या बाजूने यावर काय म्हटले जाईल याची मला कल्पना आहे, कारण शिष्यवृत्तीच्या टेबलावर बसून मी स्वतः ती कारणे सांगितलेली आहेत. हजेरी नसते, त्यामुळे विद्यार्थी खरोखर शिकतो आहे की केवळ नाव घातले आहे हे कळत नाही. बोगस प्रवेश दाखवून रक्कम उचलली जाण्याची भीती असते. हा आक्षेप एके काळी रास्त होता. आता ऑनलाइन प्रवेशासाठी विद्यार्थ्याचे अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे खाते आणि त्याला जोडलेला दूरस्थ शिक्षण विभागाचा क्रमांक लागतो, आणि कोणत्या सत्रात किती श्रेयांक (क्रेडिट) मिळाले याची नोंद तेथे राहते. सत्र उत्तीर्ण झाल्यावरच त्या सत्राच्या शुल्काची प्रतिपूर्ती द्यावी, म्हणजे हजेरीचा प्रश्नच उद्‌भवत नाही. उलट असे झाल्यास शासनाचा पैसा केवळ उत्तीर्ण झालेल्यांवरच खर्च होईल, जे नियमित शिक्षणाच्या बाबतीतही नेहमी घडते असे नाही. शिवाय अनुसूचित जातींसाठीच्या केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत पत्रद्वारा शिकणाऱ्यांच्या शुल्काचा विचार फार पूर्वीपासून केलेला आहे. तेव्हा ही कल्पना आपल्या व्यवस्थेला अगदीच परकी नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि तो मला मान्य आहे. प्रतिपूर्ती सुरू केली तर शासनाचा पैसा जाहिरातबाजी करणाऱ्या कंपन्यांच्या घशात जाईल, हा तो आक्षेप. ऑनलाइन शिक्षणाच्या शुल्कात नेमके काय काय असते हे यासाठी नीट पाहिले पाहिजे. व्हिडिओ व्याख्याने, वाचनसाहित्य, स्वयंमूल्यमापन आणि चर्चेचे व्यासपीठ असे चार भाग तयार करायला खर्च येतो, पण तो बव्हंशी एकदाच येतो. त्यानंतर तेच व्याख्यान पुढील तुकड्यांनाही दाखवता येते. दरवर्षी नव्याने येणारा खरा खर्च म्हणजे शंका सोडवणारे मार्गदर्शक, उत्तरांची तपासणी आणि परीक्षा. नियमावलीनुसार २५० विद्यार्थ्यांमागे एक विषय-मार्गदर्शक असावा लागतो. इमारत नाही, प्रयोगशाळा नाही, ग्रंथालयाची जागा नाही आणि २५० मुलांमागे एक मार्गदर्शक, असे असताना शुल्क लाखाच्या पुढे का जाते, याचा खुलासा कोणत्याही माहितीपत्रकात मला आढळलेला नाही. विद्यापीठ आणि तंत्रकंपनी यांच्यात शुल्काची वाटणी कशी होते, समुपदेशक म्हणून दिवसातून चार वेळा फोन करणाऱ्या मुलांचा पगार कोणाच्या खिशातून जातो, हेही छापलेले नसते. राज्यातील खासगी विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांचे शुल्क ठरवण्यासाठी २०१५ च्या कायद्याने शुल्क नियामक प्राधिकरण आहे. राज्याबाहेरील विद्यापीठाने सोलापूरच्या मुलाला विकलेल्या ऑनलाइन पदवीवर मात्र त्याचा अंकुश चालत नाही.

याच्या अगदी उलट उदाहरणही आपल्याच देशात आहे. आयआयटी व भारतीय विज्ञान संस्था यांच्या एनपीटेल या ऑनलाइन शिक्षण उपक्रमातील बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम शिकायला एक रुपयाही पडत नाही. प्रमाणपत्र हवे असेल तर केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची आणि तिचे शुल्क १००० रुपये. गृहपाठाचे २५ आणि परीक्षेचे ७५ गुण, दोन्हींत स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावे लागते, आणि त्या प्रमाणपत्राकडे कोणी कागद उलटून पाहत नाही. म्हणजे स्वस्त ऑनलाइन शिक्षण कमअस्सल असते हे खरे नाही, आणि महाग असले की ते अस्सल असते हेही खरे नाही. (२०२१ च्या नियमांनुसार महाविद्यालयांना एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन व्यासपीठावरून घेऊ देता येतात, पण असा विषय घेणाऱ्या विद्यार्थ्याचे महाविद्यालयीन शुल्क तेवढ्याने कमी झाल्याचे मी अजून पाहिलेले नाही. तो महाविद्यालयाला पूर्ण शुल्क देतो आणि परीक्षेचे वेगळे भरतो.)

‘सुलभ हप्ते’ या प्रकाराबद्दल लिहिल्याशिवाय खर्चाचा विषय पुरा होणार नाही. पूर्व भागात राहणारा, टॉवेलच्या कारखान्यात देखरेखीचे काम करणारा एक तरुण माझ्याकडे आला तो पदवीची चौकशी करायला नव्हे. मोटारसायकलसाठी कर्ज मागायला गेला असता सिबिल (कर्जफेडीचा गुणांक) खराब असल्याचे त्याला सांगण्यात आले होते, आणि आपण आयुष्यात कधी कर्ज काढले नाही असे तो शपथेवर सांगत होता. कागद पाहिल्यावर उलगडा झाला. ऑनलाइन पदवीच्या प्रवेशावेळी फोनवरील व्यक्तीने सांगितल्याप्रमाणे त्याने ओटीपी दिले होते, आणि ज्याला तो शुल्काचे मासिक हप्ते समजत होता ते एका वित्तसंस्थेने त्याच्या नावावर दिलेल्या कर्जाचे हप्ते होते. कंपनीला सगळे शुल्क पहिल्याच महिन्यात पोहोचले होते. कारखान्यातील पाळी बदलल्याने त्याने दुसऱ्या सत्रात शिक्षण सोडले आणि बँकेतून हप्ता जाणे बंद केले. शिक्षण थांबले, कर्ज थांबले नाही. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्येच नागरिकांना अशा स्वयंचलित कपातीविषयी आणि हप्त्यांच्या नावाखाली होणाऱ्या कर्जांविषयी सावध केले होते, परंतु ती सूचना इंग्रजी परिपत्रकांच्या गर्दीत राहिली. आपल्या वृत्तपत्राने प्रवेशाच्या दिवसांत जाहिरातींच्या शेजारीच ती मराठीत छापली, तर मोठे काम होईल. पालकांनीही एवढे पाहावे की पावती विद्यापीठाच्या नावाने आहे की कंपनीच्या. विद्यापीठाच्या मान्यताप्राप्त पदवीच्या शुल्कावर जीएसटी लागत नाही. कंपनीच्या खासगी प्रमाणपत्रावर १८ टक्के लागतो. पावतीवर हा कर दिसला तर आपण नेमके काय विकत घेतो आहोत, हे तेथेच विचारून घ्यावे.

शुल्काबाहेरचा एक खर्च तर हिशेबातच धरला जात नाही. घरून द्यायच्या परीक्षेत कॅमेरा आणि मायक्रोफोन चालू ठेवावा लागतो, व अनोळखी आवाज आला की प्रणाली इशारा देते. पूर्व भागातील घरांना यंत्रमागाचा खटखटाट नवा नाही. त्या घरांत झोपलेली तान्ही मुलेही त्याने जागी होत नाहीत. परंतु परीक्षेच्या प्रणालीला तो चालत नाही. याच तरुणाला पहिल्या सत्राच्या एका पेपरात शेजारच्या मागाच्या आवाजामुळे इशाऱ्यांवर इशारे आले, आणि उरलेले पेपर त्याने कामावर रजा टाकून जुळे सोलापुरातील नातेवाइकाच्या घरी बसून दिले. दोन खोल्यांच्या घरात शांत खोली, कॅमेऱ्याचा लॅपटॉप आणि न तुटणारे नेट ही गृहीत धरण्याची गोष्ट नाही. शहरातील महाविद्यालयांच्या संगणक प्रयोगशाळा रविवारी रिकाम्या असतात. त्या नाममात्र शुल्कात परीक्षेसाठी उघडल्या तर मुलांची सोय होईल, आणि पर्यवेक्षकासमोर दिलेल्या परीक्षेमुळे पदवीवरचा संशयही कमी होईल.

या सर्वांवरून शासनाकडे माझी मागणी मर्यादित आहे. राज्याबाहेरील खासगी विद्यापीठांची अव्वाच्या सव्वा शुल्के महाराष्ट्राच्या तिजोरीतून भरावीत असे मी म्हणत नाही. राज्यातील सार्वजनिक विद्यापीठांच्या दूरस्थ व ऑनलाइन पदव्यांपुरतीच ही सवलत सुरू करावी, प्रतिपूर्तीची कमाल मर्यादा त्याच अभ्यासक्रमाच्या नियमित शुल्काइतकी ठेवावी, पावती विद्यापीठाचीच असावी आणि रक्कम सत्र उत्तीर्ण झाल्यावर थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जावी. याची सुरुवात नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठापासून सहज करता येईल. हे विद्यापीठ १९८९ पासून शासनाचेच आहे, त्याची अभ्यासकेंद्रे सोलापूर जिल्ह्यात आहेत, त्याची परीक्षा केंद्रावर होते, आणि त्याच्या पदवी अभ्यासक्रमांचे शुल्क काही हजारांतच असल्याने तिजोरीवर फार भार पडणार नाही. महाडीबीटीवरील योजनेच्या अटीत त्यासाठी एका अपवादाची भर घालावी लागेल आणि अभ्यासक्रमांच्या यादीत विद्यापीठाचे नाव समाविष्ट करावे लागेल. ही दोन्ही कामे येत्या शैक्षणिक वर्षाचे अर्ज सुरू होण्यापूर्वी होण्यासारखी आहेत.

आपला नम्र,
एक निवृत्त कार्यालयीन अधीक्षक,
सोलापूर